सोसायटीतलं मांजर परदेशी न्यायचं का? या चुका टाळा

ऑफर लेटर येतं, व्हिसाची तारीख मिळते, घरमालकाला नोटीस जाते, आणि मग एका संध्याकाळी पार्किंगमध्ये वाटी घेऊन उतरल्यावर प्रश्न पडतो की याचं काय करायचं. रोज साडेसातला स्कूटरच्या सीटवर वाट बघत बसणारं मांजर. घरचं म्हणावं तर नाही, परकं म्हणावं तर मुळीच नाही.

या प्रश्नावर विचार जरूर करा. पण विचार चालू असताना हातावर हात ठेवून बसणं ही पहिली चूक, आणि तीच सगळ्यात महागात पडते.

आधी ठरवू, मग लस टोचू

पुण्यातून जर्मनीला जाणारे बरेच, म्हणून युरोपियन युनियनचंच उदाहरण घेऊ. भारतातून जाणाऱ्या मांजराला आधी मायक्रोचिप (कातडीखाली बसवायची, ओळखीचा आकडा असलेली चिप), मग रेबीजची लस, लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्ताची अँटिबॉडी चाचणी, म्हणजे डॉक्टर जिला टायटर टेस्ट म्हणतात ती, आणि रक्त काढल्याच्या तारखेपासून पूर्ण तीन महिने थांबणं. १ मे रोजी चिप आणि लस झाली, १ जूनला रक्त काढलं, तर १ सप्टेंबरच्या आधी ते मांजर युरोपात शिरू शकत नाही. ऑक्टोबरच्या सेमिस्टरला जाणारा विद्यार्थी ॲडमिशनचं पत्र आल्यावर जुलैच्या मध्यात जागा झाला, तर नोव्हेंबरचा मध्य उजाडतो. हे वेळापत्रक जास्त पैसे मोजून आवळता येत नाही.

म्हणून आमचं स्पष्ट मत: निर्णय लांबला तरी चालेल, चिप आणि रेबीजची लस लांबवू नका. मांजर शेवटी इथेच राहिलं तरी लस त्याच्या आणि सोसायटीच्या कामाचीच आहे.

देश बदलला की गणित बदलतं. ब्रिटनलाही टायटर आणि तीन महिने लागतात, शिवाय मांजर केबिनमधून नेता येत नाही, कार्गोनेच उतरवावं लागतं. जपानमध्ये रेबीजच्या दोन लसी, टायटरनंतर १८० दिवसांची प्रतीक्षा आणि पोहोचण्याच्या किमान ४० दिवस आधी पूर्वसूचना. कॅनडाला तीन महिन्यांवरच्या मांजरासाठी रेबीज लसीचं प्रमाणपत्र पुरतं. अमेरिकेत केंद्रीय पातळीवर मांजर निरोगी दिसलं की झालं, पण काही राज्यं लसीचा दाखला मागतात आणि हवाईचे नियम फार कडक आहेत. ऑस्ट्रेलियाच्या मान्य देशांच्या यादीत भारत नाही, त्यामुळे थेट नेणं शक्यच नाही. तिकडे जाणाऱ्यांनी हा लेख शेवटच्या भागापासून वाचावा.

'मी पुढे जातो, आई मागून पाठवेल'

घरोघरी निघणारा हा तोडगा युरोपच्या बाबतीत फसतो. खासगी प्रवास म्हणून सवलतीचे नियम लागू व्हायचे, तर मांजराचा आणि मालकाचा प्रवास एकमेकांपासून पाच दिवसांच्या आत झाला पाहिजे. मांजर आणणारी व्यक्ती दुसरी असेल तर तिला तुमचं लेखी अधिकारपत्र हवं, आणि पाच दिवसांची अट तेव्हाही सुटत नाही. ती मोडली की तो व्यापारी प्रवास ठरतो, कागद वेगळे आणि खर्चही वेगळा. वेळ हुकलीच असेल तर सरळ मार्ग हा: मांजर पुण्यात कोणाकडे तरी घरात ठेवायचं आणि दिवाळीत किंवा नाताळात स्वतः येऊन सोबत न्यायचं.

दोन वर्षांच्या प्रोजेक्टवर जाणाऱ्यांनी परतीचाही विचार करावा. परदेशात सलग दोन वर्षं राहून कायमचं परतणाऱ्याला दोन पाळीव प्राणी सोबत आणता येतात. त्याआधी आणायचं तर परवान्याचं लफडं मागे लागतं.

ते फक्त आपलंच आहे असं धरून चालणं

तुमच्या इमारतीत ते 'मनी' असतं, शेजारच्या विंगेत 'टायगर', आणि पलीकडच्या बंगल्यातल्या आजी त्याला 'ठमा' म्हणून दुपारी सुकट घालत असतात. विचारल्याशिवाय उचलून विमानात घातलंत तर ती चोरीच झाली. शोध घ्यायची सोपी युक्ती कागदी पट्ट्याची. दोन सेंटिमीटर रुंद कागदाची पट्टी घ्या, त्यावर 'हे मांजर कोणाचं आहे का?' आणि फोन नंबर लिहा, मानेभोवती दोन बोटं सहज जातील इतकी सैल ठेवून टोकं चिकटपट्टीने जोडा. कागदच घ्यायचा, दोरा किंवा रिबन नाही, कारण कुठे अडकलं तर तो फाटला पाहिजे. तीन-चार दिवसांत फोन आला नाही आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही कोणी हक्क सांगितला नाही, तर पुढे जा.

कानाचं टोक सरळ कापलेलं दिसलं तर कोणीतरी त्याची नसबंदी करून घेतलेली आहे. तसं नसेल आणि मांजरी असेल तर गाभण आहे का ते डॉक्टरांकडून आधी तपासा. गाभणकाळ जेमतेम नऊ आठवड्यांचा असतो. चार महिन्यांच्या तयारीत एकाची पाच कधी होतील कळायचं नाही.

हातातून खातं, म्हणजे घरात राहील

खरा निर्णय इथे होतो, आणि लोक तो घाईत उरकतात. पायाला अंग घासणारं, शेपटी उभी करून सामोरं येणारं, उचललं तर अंग सैल सोडणारं मांजर कधीतरी माणसांत वाढलेलं असतं. दोन ते सात आठवड्यांच्या वयात माणसाचा हात लागलेला असला की तो विश्वास टिकतो. वाटी ठेवून तुम्ही चार पावलं मागे गेल्यावरच जे पुढे येतं, ते तुमच्यावर नाही, वाटीवर विसंबलेलं आहे. त्याला म्युनिकच्या चौथ्या मजल्यावर बंद खिडकीआड ठेवणं म्हणजे शिक्षा. हे वाचायला कडू लागेल, पण अशा मांजराला न नेणं हीच त्याच्यावरची माया.

मधल्या गटातल्या मांजराची परीक्षा घ्या. एक खोली रिकामी करा, तीन आठवडे. खिडकीला जाळी हवी, पडद्याच्या भरवशावर राहू नका. दिवाण भिंतीला चिकटवून खालची फट बंद करा, नाहीतर पहिले चार दिवस ते तिथून हलणार नाही. लपायला एका बाजूने कापलेला खोका आणि त्यात ज्यावर ते बाहेर झोपायचं तेच पोतं किंवा जुनी चादर ठेवा. वास ओळखीचा हवा.

रस्त्यावरच्या मांजराला दुकानातली लिटर, म्हणजे शी-शूच्या ट्रेमध्ये भरायचे दाणे, कळत नाही, त्याला माती कळते. ट्रेमध्ये आधी कुंडीतली कोरडी माती आठ सेंटिमीटर भरा. चार दिवसांनी पाव हिस्सा लिटर मिसळा, मग अर्धा, दहा-बारा दिवसांत पूर्ण. ट्रे जेवणाच्या वाटीपासून लांबच्या कोपऱ्यात ठेवा. तरीही गादीवर मुतत असेल तर रागावून उपयोग नाही. ट्रेला झाकण असेल तर काढा, दिवसातून दोनदा साफ करा, आणि वारंवार बसून थेंब-थेंब होत असेल, विशेषतः बोका असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. मूत्रमार्ग तुंबलेला बोका दोन दिवसांत दगावू शकतो.

रात्रभर ओरडतंय? नसबंदी झालेली नसेल तर कारण तेच. शस्त्रक्रियेनंतरही बोक्याच्या सवयी मावळायला काही आठवडे जातात, म्हणून परीक्षा नसबंदीनंतर घ्या, आधी नाही. खाणं सोडलंय? पहिला दिवस चालतो. पूर्ण दोन दिवस तोंड लावलं नाही, तर परीक्षा थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. उपाशी मांजराच्या, त्यातही जाड्या मांजराच्या, यकृतात चरबी साचते आणि ते प्रकरण जिवावर बेतू शकतं. दूध-पोळी देऊन मनवू नका, बऱ्याच मोठ्या मांजरांना दूध पचत नाही आणि जुलाब लागले की ट्रेची शिकवणी वाया. कोरडं खाणं लावायचं तर नेहमीच्या खाण्यात मिसळत आठवडा-दहा दिवसांत वाढवत न्या.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी बघा. तुम्ही दार उघडल्यावर ते खोक्यातून बाहेर येतं, खिडकीत अंग चाटत बसतं, ट्रे वापरतं, तुमच्यासमोर झोपतं: नेण्यासारखं आहे. अजूनही दिवसभर खोक्यात, रात्रीच खाणं, दाराशी नख्यांचे ओरखडे: उत्तर मिळालं. दार उघडा.

या काळात चावलं किंवा ओरबाडलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. घरातलंच मांजर आहे म्हणून रेबीजच्या इंजेक्शनांची टाळाटाळ करू नका.

कागदातल्या चुका

लस आधी आणि चिप नंतर. ही चूक इतक्यांदा होते की तिला पहिला मान द्यायला हवा. चिप बसण्याआधी दिलेली रेबीजची लस युरोपच्या लेखी दिलेलीच नाही. पुन्हा लस, पुन्हा ३० दिवस, पुन्हा तीन महिने. चिप १५ अंकी आणि आयएसओ ११७८४ व ११७८५ या मानकांची हवी. लस देण्याआधी डॉक्टरांना रीडर फिरवायला सांगा आणि पडद्यावरचा आकडा स्वतः वाचून पुस्तिकेतल्या स्टिकरशी ताडून बघा. टायटरच्या रक्ताच्या वेळीही तसंच. चिप कधी कधी मानेवरून खांद्याकडे सरकते, म्हणून दिसली नाही तर खांदे आणि पुढचे पायही तपासायला लावा.

टायटर ०.५ आययू प्रति मिलीलिटरच्या खाली आला तर बूस्टर, म्हणजे लसीचा पुढचा डोस, देऊन पुन्हा रक्त, आणि घड्याळ पुन्हा शून्यावर. एकदा पास झाल्यावर मात्र बूस्टर एकही दिवस चुकवू नका. सलग लसीकरण असेल तर युरोपसाठी तोच टायटर पुढे चालतो, खंड पडला की बाद. चाचणी युरोपियन युनियनच्या मान्य प्रयोगशाळेतलीच लागते, गल्लीतल्या लॅबचा रिपोर्ट कितीही देखणा असला तरी.

रस्त्यावरच्या मांजराची जन्मतारीख कोणालाच ठाऊक नसते. डॉक्टर दातांवरून अंदाजे वय ठरवतात. ते एकदाच ठरवा आणि सगळीकडे तेच लिहा. एका कागदावर दोन वर्षं, दुसऱ्यावर चार, एकीकडे करडं, दुसरीकडे पट्टेरी, अशा गोष्टींवर काउंटरवर अडकायला होतं.

शेवटचा टप्पा मुंबईत. निर्यातीचा दाखला केंद्र सरकारच्या पशु संगरोध विभागाकडून, म्हणजे एक्यूसीएसकडून मिळतो. त्याचं केंद्र पुण्यात नाही. मांजर प्रत्यक्ष दाखवावं लागतं, वेळ आधी घ्यावी लागते. युरोपचं आरोग्य प्रमाणपत्र सरकारी पशुवैद्यकाच्या सहीनंतर दहा दिवसांत प्रवेशद्वारावर पोहोचलं पाहिजे, त्यामुळे ते फार आधी करून ठेवण्यातही अर्थ नाही.

घाट, पिंजरा, विमान

मांजराचं तिकीट माणसाच्या तिकिटानंतर काढायला गेलं की जागा संपलेली असते. आधी विमान कंपनीला विचारा. लुफ्थान्साच्या केबिनमध्ये पिशवीसकट ८ किलो चालतात. देशी मांजर साधारण चार किलोचं, म्हणजे वजनाची भीती नाही. लांब नाक हाही फायदाच, चपट्या नाकाच्या पर्शियनला अनेक कंपन्या नाकारतात. कार्गोचा पिंजरा असा हवा की मांजर त्यात उभं राहील, वळेल आणि पसरून झोपेल. दार धातूचं, जोड प्लास्टिकच्या क्लिपांनी नाही तर नटबोल्टने आवळलेले.

पिंजरा निघायच्या दिवशी माळ्यावरून काढू नका. महिनाभर आधी झाकण काढून खोलीत ठेवा, जेवण त्यातच द्या. मग झाकण, मग दार, मग पाच मिनिटं दार बंद. त्यानंतर गाडी: पहिल्यांदा फक्त इंजिन चालू, पुढच्या वेळी चांदणी चौकापर्यंत, मग लोणावळा. खंडाळ्याच्या वळणांवर ओकणारं मांजर आधीच कळलेलं बरं. प्रवासाआधी चार ते सहा तास खाणं बंद, पाणी मात्र चालू ठेवा.

झोपेचं औषध देऊन न्यायची कल्पना सोडा. गुंगीतल्या मांजराचा रक्तदाब आणि श्वास उंचीवर बिघडू शकतो, आणि कंपन्या असं मांजर घेत नाहीत. भीती कमी करणारं औषध डॉक्टरांनी सुचवलंच तर त्याची चाचणी घरी, दोन आठवडे आधी.

सुरक्षा तपासणीत पिशवी एक्स-रेमधून जाते आणि मांजर तुमच्या हातात राहतं. गर्दीत, ट्रे आपटण्याच्या आवाजात. अंगात हार्नेस घातलेला असेल तरच ते हातात राहतं. बंद खोलीत तपासणी करा, अशी विनंती आधीच करा.

ठेवून जाताना

न्यायचं नाही असं ठरलं की लोकांना अपराधी वाटतं, आणि त्यापोटी आणखी मोठी चूक होते: मांजर मुळशीच्या फार्महाउसवर किंवा सिंहगडाच्या पायथ्याला 'मोकळ्यावर' सोडणं. मांजर जागेला बांधलेलं असतं. अनोळखी ठिकाणी सोडलं की ते जुन्या घराच्या दिशेने चालत सुटतं आणि वाटेत गाडीखाली किंवा कुत्र्यांच्या तोंडी जातं. उपासमार होईल अशा स्थितीत प्राणी टाकून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हाही आहे. त्याला तिथेच राहू द्या, फक्त वाटी भरणारा माणूस बदला.

तो माणूस दीड महिना आधी शोधा. पहिल्या मजल्यावरच्या काकू, वॉचमनची बायको, आधीपासून खाऊ घालणारे पलीकडचे कोणी. एकाऐवजी दोघं असतील तर उत्तम, कारण लोक गावाला जातात. पहिले दोन आठवडे तुम्ही दोघं एकत्र खाली उतरा, वेळ आणि जागा तीच. नंतर वाटी त्यांच्या हातात, तुम्ही जिन्यात. शेवटचा आठवडा तुम्ही जिन्यातही थांबायचं नाही.

नसबंदी आणि लस तुमच्या खर्चाने, जाण्याच्या किमान महिनाभर आधी, म्हणजे टाक्याला काही झालं तर तुम्ही इथे असाल. सहा महिन्यांचं खाणं एकदम आणून ठेवू नका, पावसाळ्यात त्याला कीड लागते. दरमहा पैसे पाठवा. आणि एक कागद करून द्या: मांजराचे दोन्ही बाजूंचे फोटो, लसीची पुढची तारीख, चिपचा आकडा, डॉक्टरांचा नंबर, किती ग्रॅम आणि किती वाजता, कोणत्या विंगेतला बोका त्याला मारतो, आणि जोराचा पाऊस आला की ते कोणत्या गाडीखाली बसतं.