बोटीला मापाचं कव्हर कधी शिवून घ्यावं?

हतनूर धरणावरची फायबर बोट वर्षभर उघड्यावर राहत असेल, तिला इंजिन आणि गादीच्या सीटा असतील, तर मापाचं कव्हर शिवून घ्याच. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो; त्या उन्हात फायबरची चकाकी उडते, हात फिरवला की पांढरी भुकटी लागते. सैल ताडपत्री वाऱ्यावर फडफडून नेमका तोच भाग घासत राहते. मासेमारीच्या साध्या होडीसाठी मात्र हा खर्च नको, हंगाम संपला की झाडाखाली पालथी घाला.

ट्रॅक्टरचं हूड शिवणाऱ्याकडे चौकशी करा. दोरा पॉलिस्टरचाच हवा. सुती दोरा कापडाआधी कुजतो. आत हवा खेळायला झडपा ठेवायला सांगा आणि मध्ये बांबूचा टेकू द्या, म्हणजे पावसाचं पाणी साचणार नाही.