मृगाआधी शेवाळ खरवडा: गोठ्याचं सांडपाणी वापरणाऱ्यांसाठी

रोहिण्या लागल्या. गोठा धुतलेलं पाणी शेवाळाच्या पन्हाळीवरून (उतरता उथळ पाट, त्यातल्या जाळीवर शेवाळ वाढवतात) फिरवून शेततळ्यात सोडणाऱ्यांनी बाकीची कामं दोन दिवस मागे ठेवावीत. जाळीवरचं शेवाळ मृगाचं आभाळ भरून यायच्या आत खरवडून पाण्यापासून लांब न्यावं.

शेवाळ नत्र आणि स्फुरद मारत नाही, अंगात साठवतं. वाळलेल्या शेवाळात साधारण ७ टक्के नत्र आणि १ टक्का स्फुरद भरतो. ते पन्हाळीतच मेलं आणि सडलं की दोन्ही परत पाण्यात. पाणी हिरवं दिसतंय म्हणजे स्वच्छ होतंय, या समजुतीने तळी बिघडतात. शेवाळ बाहेर निघालं तेवढंच पाणी साफ झालं.

थर बोटभर जाड झाला की खालच्या शेवाळाला ऊन मिळत नाही. ते तपकिरी होतं, कुजका वास येतो, मग अख्खा पापुद्रा सुटून पंपाच्या जाळीला बसतो. उन्हाळ्यात दर ५ ते ७ दिवसांनी खरवडावं, थंडीत १० ते १२ दिवस चालतील. नखाने ओढून बघा: धागा तुटला तर थांबा, चकती निघाली तर उशीर झालाय. सगळं घासून टाकू नका, जाळीवर हिरवी झाक राहू द्या, त्यातूनच पुढचं पीक येतं.

पावसाळ्यात धोका दुप्पट. सलग तीन-चार दिवस ऊन नसलं की शेवाळ प्राणवायू बनवण्यापेक्षा वापरतं जास्त. वरून नवं सांडपाणी चालूच असतं. म्हणून ढग आले की आधी सांडपाणी बंद; ते खड्ड्यात साठवा, नाहीतर कंपोस्टवर घाला. पंप मात्र चालू ठेवा.

मांडणी:
– पन्हाळ १ मीटर रुंद, १५ मीटर लांब. १५ ते ३० सेंमी उतार
– खाली शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा कागद, वर शेडनेटचा ताणलेला तुकडा
– खाली १००० लिटरची टाकी, अर्ध्या एचपीचा पंप, मिनिटाला सुमारे ९० लिटर पाणी
– शेण आधी घमेल्याने उचलणे, मूत्र वेगळं, फक्त शेवटची फिकट धुणी गाळून टाकीत
– रोज १० लिटरने सुरुवात, आठवड्याने ३०

एवढ्या पन्हाळीकडून चमत्काराची अपेक्षा नको. दर चौरस मीटरला रोज १० ग्रॅम वाळलेलं शेवाळ धरलं तर १५ चौरस मीटरमध्ये १५० ग्रॅम, म्हणजे नत्र जेमतेम १० ग्रॅम. एका म्हशीच्या दिवसभराच्या शेणमुतात याच्या कितीतरी पट नत्र असतं. शेण-मूत्र बायोगॅसला किंवा उकिरड्याला, उरलेलं धुणं शेवाळाला, हीच वाटणी परवडते. टाकीत हात कोपरापर्यंत घातल्यावर बोटं दिसली पाहिजेत. न दिसल्यास साधं पाणी मिसळा. गढूळ पाण्यात ऊन शिरत नाही आणि दाट अमोनिया शेवाळालाही मारतो.

खरवडायला फरशी पुसायचं रबरी वायपर पुरतं. शेवाळ तागाच्या पोत्यावर पातळ पसरून कडक उन्हात वाळवा, मग कंपोस्टमध्ये मिसळा. जनावरांना खाऊ घालू नका. पाण्यावर सांडलेल्या तैलरंगासारखी निळसर-हिरवी साय आली तर ते पाणी गुरांना अजिबात नको. त्या जातीत विष असू शकतं.

आता दुकानाचं. ‘शेवाळाचं बियाणं’, बाटलीतलं कल्चर, महागडे जिवाणू, यातलं काहीही घेऊ नका. ओढ्यातल्या दगडावरचं धाग्याचं शेवाळ मूठभर आणून जाळीवर चोळलं की दोन-तीन आठवड्यांत पन्हाळ भरते. शेवाळ मारायला टाकतात त्या मोरचुदाबाबत (कॉपर सल्फेट) मात्र सावध राहा. मत्स्यतळ्यासाठीची मात्रा पाण्याच्या एकूण क्षारतेच्या (अल्कलिनिटी, लिटरला मिलिग्रॅममध्ये) शंभराव्या भागाइतकी: क्षारता १५० असेल तर १००० लिटरला दीड ग्रॅम, ५० च्या खाली असेल तर वापरायचंच नाही. मात्रा बरोबर असली तरी सगळं शेवाळ एकदम मरतं, त्यातलं नत्र पाण्यात उतरतं आणि रात्रीतून प्राणवायू संपतो. हिरव्यागार तळ्यात पावसाच्या तोंडावर मोरचूद टाकणं म्हणजे मासे स्वतःच्या हाताने मारणं.

पहाटे मासे काठाशी येऊन तोंड वर काढत असतील तर:
– सांडपाणी आणि खाद्य लगेच बंद
– पंपाचं पाणी उंचावरून फवारून तळ्यात पाडणे, ऊन वर येईपर्यंत
– जमल्यास विहिरीचं ताजं पाणी भरणे
– तरंगतं मेलेलं शेवाळ जाळीने ओढून बाहेर
– चुना थांबवा. आदल्या दुपारी पाण्याचा सामू (पीएच) ९ च्या वर असेल तर चुन्याने तो आणखी चढतो आणि पाण्यातला अमोनिया जास्त विषारी होतो. सामू सकाळी आणि दुपारी दोन्ही वेळा मोजल्याशिवाय कुणी सांगितलं म्हणून पोतं फोडू नका.