पुन्हा वापरायच्या वस्तू घरात आल्या, कचरा मात्र तेवढाच? या चुका टाळा

परवा ओट्याखालचा कप्पा आवरताना कापडी पिशव्या मोजल्या. अकरा निघाल्या. त्यातल्या दोनच नेहमी बाहेर जातात, बाकीच्या घडी घालून पडून असतात. प्लास्टिक टाळायचं म्हणून घेतलेल्या या पिशव्यांनी आजवर एकही प्लास्टिकची पिशवी वाचवलेली नाही.

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक हीच. वस्तू विकत आणली की काम झालं, असं वाटतं. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात एक हिशेब आहे: फक्त हवामानावरचा परिणाम धरला, तरी सुती पिशवीला पातळ प्लास्टिकच्या पिशवीची बरोबरी साधायला १३१ वेळा वापरात यावं लागतं. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८ साली हाच आकडा ५२ काढला. पाणी, माती, ओझोन असे सगळे निकष एकत्र धरल्यावर मात्र तो थेट ७,१०० वर गेला. या हिशेबात उघड्यावर फेकलेल्या प्लास्टिकचं नुकसान धरलेलं नाही, त्यामुळे ‘मग प्लास्टिकच बरं’ असा अर्थ काढू नका. अर्थ एवढाच, की आहे ती पिशवी झिजेपर्यंत वापरायची आणि बारावी आणायची नाही.

हाच नियम डब्यांना. काचेचे डबे आणायचे म्हणून चांगले प्लास्टिकचे डबे टाकून देणं मला तरी पटत नाही. कोरडं सामान, बटणं, खिळे, काहीही ठेवा त्यात. गरम, तेलकट किंवा आंबट पदार्थांसाठी मात्र काच किंवा स्टील वापरा. प्लास्टिक चिकट लागायला लागलं, आतून चरे पडून धुरकट दिसायला लागलं, की ते अन्नासाठी बाद.

डबा धुतला तरी वास जात नाही

माझ्याकडच्या एका डब्याने या वासापायी मला दोन महिने छळलं. साबणाने घासला, उन्हात ठेवला, रात्रभर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवला. झाकण लावलं की दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच कुबट वास. शेवटी चमच्याच्या दांड्याने झाकणातली रबरी रिंग उचकटून काढली, तर खाचेत गोलभर काळी, बुळबुळीत रेघ. डबा बिचारा पहिल्या दिवसापासून स्वच्छ होता! तेव्हापासून रिंग आठवड्यातून एकदा बाहेर येते. गरम साबणाच्या पाण्यात भिजवायची, जुन्या टूथब्रशने खाच घासायची आणि दोन्ही पूर्ण वाळल्यावरच परत बसवायची. पाण्याच्या बाटलीच्या झाकणालाही बहुधा अशीच रिंग असते, तीही बघा.

अन्न ठेवायच्या, रबरासारख्या मऊ सिलिकॉनच्या पिशव्यांचं दुखणं वेगळं. सिलिकॉनमध्ये तेल आणि सुवासिक साबण दोन्ही मुरतात. त्यामुळे बिनवासाचा साबण वापरा आणि कांदा-लसणासाठी एक पिशवी वेगळीच काढून ठेवा. वास बसलाच, तर सोड्याची घट्ट पेस्ट आतून लावून रात्रभर ठेवा. पिशवी पूर्ण सिलिकॉनची असेल आणि ओव्हनला चालते असं तिच्यावर लिहिलं असेल, तर धुऊन, वाळवून, रिकामीच १२० अंशांवर वीस-पंचवीस मिनिटं ठेवली की बराचसा वास निघून जातो. प्लास्टिकची क्लिप असेल तर हा प्रयोग अजिबात नको.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतून फसफस बघत बसू नका. फेस येतो म्हणून काहीतरी जोरदार चाललंय असं वाटतं, पण दोघं एकमेकांचा गुण मारतात. मागे उरतं पाणी आणि थोडं सोडियम ॲसिटेट, कार्बन डायऑक्साइड उडून जातो. तेल आणि वासासाठी सोडा, पाण्याच्या पांढऱ्या डागांसाठी व्हिनेगर. वेगवेगळे वापरा.

फडकं पाणीच टिपत नाही

कागदी टॉवेल बंद करून फडकी आणली, पण ती पाणी नुसती इकडून तिकडे ढकलतात, अशी तक्रार मी बऱ्याच जणांकडून ऐकते. नव्या कापडावर कारखान्यातली खळ असते, दोन-तीन धुण्यांनंतर ती जाते. नंतरही फरक पडला नाही, तर दोष फॅब्रिक सॉफ्टनरचा. धाग्यांवर त्याचा थर बसतो आणि कापड पाणी शोषेनासं होतं. जुन्या सुती टी-शर्टची किंवा चादरीची फडकी नव्यापेक्षा सरस, कारण ती आधीच शेकडो वेळा धुतलेली असतात.

फडक्याला वास येतो त्याचं कारण मात्र ओल. २०१७ साली जर्मनीतल्या संशोधकांनी घरोघरच्या वापरलेल्या स्पंजांची तपासणी केली, तेव्हा काही ठिकाणी एका घन सेंटिमीटरमध्ये ५,४०० कोटींपर्यंत जिवाणू सापडले. नीट न वाळलेल्या कपड्यांना जो कुबट वास येतो, त्यामागचा एक जिवाणूही त्यांत होता. स्पंज आतून सहजासहजी वाळत नाही. पातळ फडकं वाळतं, पण बोळा करून सिंकच्या कडेला टाकलं तर तेही स्पंजच. पसरून टांगा, रोज बदला, आठवड्याला उकळत्या पाण्यातून काढा. कच्च्या मांसाचं पाणी सांडलं तर खुशाल कागद वापरा. त्याचा अपराधीपणा नको.

मेण, काच, बांबू

मेणकापड, म्हणजे अन्न गुंडाळायला किंवा भांडं झाकायला वापरतात ते मधमाश्यांचं मेण लावलेलं सुती कापड, गरम पाण्याने धुतलं की संपलं. मधमाश्यांचं मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, पण त्याच्या बरंच आधी मऊ होऊन कापडावरून सुटायला लागतं. गार पाणी, सौम्य साबण, एवढंच. गरम भांड्यावर आणि कच्च्या मांस-मासळीला ते वापरायचं नाही. भेगा पडल्या तर दोन बेकिंग पेपरमध्ये धरून हलकी इस्त्री फिरवा, मेण पुन्हा सारखं पसरतं.

फ्रीजरमध्ये बरणी फुटते, कारण गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं. खांदा असलेल्या, निमुळत्या तोंडाच्या बरण्या आधी फुटतात. सरळ भिंतींची बरणी घ्या आणि वर दोन बोटं जागा सोडा. लोणच्या-जॅमच्या बरण्यांची साधी काच उष्णतेने बोरोसिलिकेट, म्हणजे ओव्हनला चालणाऱ्या, काचेच्या जवळपास तिप्पट प्रसरण पावते, म्हणून फ्रीजमधून काढून थेट उकळतं पाणी तिच्यात कधीच ओतू नका.

‘बांबूचा’ म्हणून मिळणारा गुळगुळीत कप नीट बघून घ्या. त्यातले बरेच बांबूची पूड घालून केलेले मेलामाइनचे, म्हणजे प्लास्टिकचेच असतात. गरम पेयाने त्यातून फॉर्मल्डिहाइड आणि मेलामाइन ही घातक रसायनं पाझरू शकतात. अशा वस्तू युरोपीय संघाच्या बाजारातून हटवण्यासाठी २०२१ साली खास मोहीमच काढावी लागली. खऱ्या लाकडी चमच्याला मात्र दोनच गोष्टी लागतात: पाण्यात भिजत न ठेवणं आणि उभं वाळवणं.

त्या अकरा पिशव्यांपैकी दोन आता दाराच्या कडीला आहेत, एक रोजच्या बॅगेत. जाड कापडाच्या तीन मैत्रिणीला दिल्या. उरलेल्या पाच कापल्या आणि ओट्याची फडकी केली. पाणी छान टिपतात.