हत्तीकडं कामाला लागताय? आधी पाय बघायला शिका

सुट्टीवर कोल्हापूरला आलो की तालमीच्या कट्ट्यावर एक तरी पोरगा गाठतोच. "दादा, हत्तीकडं लागायचंय, कसं जमवायचं?" २०२५च्या जुलैत नांदणी मठातली महादेवी हत्तीण जामनगरला गेली, तेव्हापासून विचारणारे जास्तच वाढले. त्या रात्री मी ड्युटीवर होतो, मोबाईलवर गावाकडची माणसं रडताना बघून माझेही डोळे भरून आले. तिला न्यायला हवं होतं की नको, त्या वादात मी इथं शिरत नाही. पण हत्तीवरच्या मायेला आपल्या जिल्ह्यात कधीच तोटा नव्हता. शाहू महाराजांची साठमारी, म्हणजे माणसांनी हत्तीला झुंजवायचा खेळ, आपल्याकडचीच, आणि जोतिबाला वाहिलेला सुंदर हत्ती २०१४ला बन्नेरघट्ट्याला गेला, तेव्हाही घराघरात त्याचाच विषय होता. तोटा आहे तो हत्तीचा पाय उचलून खालून बघणाऱ्या माणसांचा. मीही बघत नव्हतो. ते एका हत्तिणीला सात महिने भोगावं लागलं, म्हणून हे लिहितोय.

कर्नाटकातल्या एका प्राणिसंग्रहालयात मी कंत्राटी कीपर म्हणून लागलो. हत्ती दिवसाला दीडशे किलोच्या आसपास चारा खातो, शंभर-दोनशे लिटर पाणी पितो, खाल्लेल्यातलं निम्म्याहून जास्त न पचता बाहेर टाकतो, हे तुम्ही वाचलेलंच असणार. म्हणजे आठ तासांतले निदान पाच तास चारा ओढण्यात आणि लीद उचलण्यात जातात. त्याची किळस येत असेल तर इथंच थांबा, मनाला लावून घेऊ नका, दुसरी बरीच कामं आहेत.

आपल्या पोरांचा एक समज मात्र आधी काढून टाकतो. "मी तालमीतला आहे, अंगात ताकद आहे, जमेल." नाही जमणार. तीन-चार हजार किलोंच्या जनावरापुढं तुमची-माझी ताकद म्हणजे काहीच नाही. उलट ताकदीचा माणूस भिंत आणि हत्ती यांच्या मधे बिनधास्त उभा राहतो. तसं कधीही राहायचं नाही, हत्तीण कितीही गरीब असली तरी. तिनं नुसतं अंग टेकवलं तरी बरगड्या जातात, त्यासाठी तिनं रागवावंच लागतं असं नाही. तालमीतली कामाला येते ती एकच सवय, भल्या पहाटे उठून रोज तेच काम न कंटाळता करायची.

आता मुद्द्याचं. थोडं लांबेल, पण हे दोनदा वाचा.

माझ्याकडं दोन हत्तिणी होत्या. त्यातली थोरली पन्नाशीच्या पुढची. पहिल्या महिन्यातच ती मला ओळखायला लागली. माझ्या चपलांचा आवाज आला की कान हलवायची, सोंडेचं टोक माझ्या मानेला लावून वास घ्यायची. मला वाटलं, जमलं, आता हिचं सगळं मला कळतं. रोज सकाळी मी काय बघायचो? डोळे, सोंड, भूक, लीद. सगळं चांगलं. रजिस्टरमध्ये लिहायचो, "सर्व ठीक". पुढच्या दिवशी पुन्हा "सर्व ठीक". पुढं पुढं तर तिच्याकडं जायच्या आधीच लिहून मोकळा व्हायचो.

थोरली उभी असताना मागचा उजवा पाय थोडा दुमडून नखांच्या टोकावर टेकवायची. हत्ती असा पाय टेकवतोच, आराम देतो, हे मी वाचलं होतं. खरंही आहे ते. निरोगी हत्तीसुद्धा मागचा एक पाय सैल सोडून उभा राहतो. म्हणून मी निर्धास्त. जवळजवळ तीन आठवडे मी तो पाय रोज बघितला आणि रोज "आराम करतेय" म्हणून पुढं गेलो.

निरोगी हत्ती पाय बदलतो. थोडा वेळ उजवा सैल, थोडा वेळ डावा. थोरली बदलत नव्हती. सकाळी उजवा, दुपारी उजवा, संध्याकाळी उजवा. एका वेळी बघितलं तर ठीकच दिसणार. दिवसभरात चार-पाच वेळा बघून कुठला पाय, किती वाजता, असं लिहिलं असतं तरच कळलं असतं. मी लिहीत होतो "सर्व ठीक". त्या दोन शब्दांनी माझे डोळे बांधून टाकले होते.

आमच्याकडं मिरजेकडचे एक म्हातारे माहूत होते, सगळे त्यांना चाचा म्हणायचे. महिन्याभराच्या रजेवरून ते परत आले, लांबूनच तिला बघितलं आणि माझ्याशी एक शब्द न बोलता गरम पाण्याची बादली मागितली. गजाआडून तिला पाय पाटावर ठेवायला लावला, चिखल धुतला, घासला. वरून पाय अगदी छान दिसत होता. तळव्यात, बाहेरच्या नखाच्या मागच्या बाजूला, एक बारीक काळी रेघ होती. चाचांनी तिथं अंगठा दाबला तशी थोरलीनं पाय झटकन ओढला, आणि त्या रेघेतून पू आला. वास असा की मी दोन पावलं मागं सरलो. आत हरभऱ्याच्या डाळीएवढा खडा होता. चाचा एवढंच म्हणाले, "त्वांड बघत हुतास व्हय रं? पाय बघ."

हत्तीच्या पायाची रचना समजली तर हे का झालं ते कळतं. हत्ती खरं तर बोटांच्या टोकांवर चालतो. टाचेच्या जागी चरबीची जाड गादी असते, वजन पडलं की ती पसरते, पाय उचलला की आवळते. जंगलात मैलोन्‌मैल चालून तळवा आणि नखं आपोआप झिजतात. बंदिस्त हत्तीचं चालणं कमी, त्यामुळं तळवा वाढतो, त्याला भेगा पडतात, भेगेत खडा, लीद, मूत साचतं. वर सिमेंटचा कोबा. बंदिस्त हत्ती कायमचे निकामी होण्यामागं पायाचं दुखणं हे फार मोठं कारण आहे.

तालमीतला हौदा, म्हणजे कुस्तीचा मातीचा आखाडा, रोज का उकरतात, हे कोल्हापूरच्या पोराला सांगावं लागत नाही. न उकरलेल्या मातीवर एक आठवडा लढलात तर गुडघे बोलायला लागतात. मी स्वतः सहा वर्षं हौदा उकरलाय. तरी थोरली रात्रभर कोब्यावर उभी असते हे रोज बघून मला ते सुचलं नाही. चाचांनीच साहेबांच्या मागं लागून वाळूचे दोन ढिगारे टाकून घेतले. ढिगारा असला की हत्ती त्याला रेलून झोपतो आणि उठताना सांध्यावर ताण कमी येतो.

तर रोज काय करायचं? पाय पूर्ण धुवा, ओल्या चिखलाखाली काही दिसत नाही. नखं मोजत बघा, आपल्या हत्तींना साधारण पुढं पाच आणि मागं चार असतात. नखाच्या वरची कातडी वाढून लोंबतेय का, नखाला उभी चीर आहे का बघा. मग तळवा. टॉर्च तिरकी धरा, समोरून उजेड पाडला की भेगा बुजल्यासारख्या दिसतात. हात फिरवून चारही पायांची ऊब ताडून बघा. नाक जवळ न्या, लाजू नका. आणि अंगावरची माती बघा. हत्ती रात्री आडवा झोपला तर सकाळी त्या कुशीला माती लागलेली असते. थोरलीच्या कुशी कित्येक दिवस स्वच्छ होत्या. मी म्हणायचो, किती नीटनेटकी आहे. ती आडवीच होत नव्हती, कारण पुन्हा उठताना पाय दुखायचा.

सात महिने. दिवसातून दोनदा कोमट औषधी पाण्यात पाय बुडवून ठेवायचा, डॉक्टर मेलेला भाग तासायचे, मी कानस घेऊन नख घासायचो. औषधाची गोळी गुळाच्या खड्यात घालून. एका सकाळी तिच्या उजव्या कुशीवर वाळलेल्या मातीचा मोठा पट्टा दिसला. त्या दिवशी रजिस्टरमध्ये मी अर्धं पान लिहिलं.

अशी चूक तुमच्याकडूनही होईल. झाली तर लपवू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. मी शिव्या खाल्ल्या, नोकरी गेली नाही. लपवलेल्या दुखण्यानं मात्र हत्ती जातो.

गुळाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. आपल्याकडं प्रेम म्हणजे गूळ, केळी, ऊस. बंदिस्त हत्तीला गोड जास्त झालं की वजन वाढतं आणि ते शेवटी पायांवरच येतं. गूळ औषधापुरता ठेवा. उसाचं वाडं फुकट मिळतं म्हणून नुसतं तेच घालणारे बघितलेत मी. वाड्यात ऑक्झलेट असतं, ते अंगातला कॅल्शियम धरून ठेवतं, हे आपल्याकडं म्हशी पाळणाऱ्यालाही माहीत असतं. वड, पिंपळ, उंबराच्या फांद्या, बांबू, वाळलेलं गवत असं बदलून घाला. फांदी सोलत बसण्यात हत्तीचा वेळही चांगला जातो. कंटाळलेला हत्ती जागेवर डुलत राहतो, लोक टाळ्या वाजवतात, नाचतोय म्हणतात. मला ते बघवत नाही.

कोर्सबद्दल सगळे विचारतात. चार शनिवार-रविवारचं प्रमाणपत्र घेऊन कुणी हत्ती सांभाळायला शिकत नाही. ते पैसे वाचवा. पशुसंवर्धनाचा डिप्लोमा असेल तर उपयोगी. पण खरा लागतो तो वस्ताद. कमी बोलणारा, हत्तीच्या अंगावर कमी हात टाकणारा. दर दोन मिनिटाला अंकुश उगारतो त्याच्याकडं शिकू नका, मग त्याचा अनुभव तीस वर्षांचा का असेना. आणि सोंडेला लटकून रील काढणाऱ्याकडं तर अजिबात नको. आता चांगल्या ठिकाणी गजाआडूनच काम होतं, बांबूच्या टोकाला चिंधी बांधून, बक्षीस देऊन हत्तीला पाय पुढं करायला शिकवतात. धाकटीला ते शिकवायला मला नऊ आठवडे लागले. पाचव्या आठवड्यात सोडून द्यावंसं वाटलं होतं. सोडू नका, जमतं.

माजाच्या दिवसांत नराच्या गंडस्थळाजवळून स्राव वाहायला लागला की नव्या माणसानं त्या बाजूला फिरकायचंही नाही. त्यावर चर्चा नाही.

टीबीचं घरच्यांना सांगून ठेवा. माणसाचा क्षयरोग हत्तीला होतो आणि हत्तीचा माणसाला. खोकला लांबला तर आधी तपासणी, मग ड्युटी.

नोकऱ्या किती, हाही प्रश्न असतोच. थोड्या. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणानं २००९ सालीच प्राणिसंग्रहालयांतले हत्ती छावण्यांकडं आणि जंगलांकडं हलवायला सांगितलं. ते सगळीकडं झालं नाही, पण नवे हत्तीखाने उभे राहतील या आशेवर बसू नका. छावण्यांचा विचार करा. आपल्या राज्यात गडचिरोलीतलं कमलापूर आहे, कर्नाटकात दुबारे, सक्रेबैलूसारख्या छावण्या आहेत. बहुतेक जागी पिढीजात माहूत असतात, बाहेरच्याला सुरुवात चारा आणि लीद यापासूनच करावी लागते. पगार सुरुवातीला एवढा कमी असतो की घरच्यांना खरा आकडा सांगूनच निघा.

सुट्टीचंही विचारून घ्या. हत्तीला दिवाळी नसते. लागल्यापासून एकदाही मला चैत्र यात्रेला जोतिबावर जाता आलेलं नाही. यात्रेनंतर देऊळ धुतात त्या पाकाळणीला जातो, तेही बदली माणूस थोरलीचा पाय माझ्यासमोर धुवून दाखवतो तेव्हाच.