जपानीत किती वाजले हे कसे सांगावे: मराठीचा हात धरून

जपानात गेल्यावर पहिल्याच महिन्यात एका सहकाऱ्यांना मला सांगायचे होते, उद्या सकाळी पावणेआठला स्टेशनवर भेटू. डोक्यात 'आठ' घुमत होते, म्हणून तोंडातून आले 'हाचिजि योन्ज्यूगोफुन', म्हणजे आठ वाजून पंचेचाळीस मिनिटे. दुसऱ्या दिवशी मी पावणेआठला जाऊन उभा राहिलो. ते बरोबर पावणेनऊला आले, कारण मी तीच वेळ दिली होती. शब्द सगळे बरोबर होते, उच्चारही ठीक होता. पावणेआठमधला आठ अजून वाजायचा असतो, एवढेच बोलताना निसटले.

जपानी शिकवणारी बहुतेक पुस्तके इंग्रजीतून असतात. त्यांत सव्वा, पावणे, दीड, अडीच यांचे काय करायचे हे कुठेच येत नाही. आणि जिथे मराठी जपानीच्या अगदी जवळ आहे, तिथेही आपण उगाच इंग्रजीतून वळसा घेऊन जातो. म्हणून हा सरळ रस्ता.

आधी आकडे

इचि, नि, सान, योन, गो, रोकु, नाना, हाचि, क्यू, ज्यू. हे झाले एक ते दहा. पुढचे पाठ करावेच लागत नाहीत. अकरा म्हणजे 'ज्यूइचि' (दहा-एक), वीस म्हणजे 'निज्यू' (दोन-दहा), एकोणसाठ म्हणजे 'गोज्यूक्यू' (पाच-दहा-नऊ). एकोणतीस, सत्तेचाळीस, त्रेपन्न असले आकडे ज्याने लहानपणी पाठ केले, त्याला हे फार सोपे वाटेल.

उच्चाराचे एक सांगतो. दहा मुद्दाम 'ज्यू' असा लिहिला आहे. 'जू' लिहिले की आपली जीभ 'जुना'मधल्या ज कडे जाते, आणि जपानीत तो चालत नाही. 'जिरे', 'जीवन' यांतला ज हवा. 'इचि'मधला चि 'चिंच'मधला आहे.

मग तास

आकड्यापुढे 'जि' लावला की 'वाजले' झाले. इचिजि, निजि, सानजि... आणि इथे तीन ठिकाणी थांबा:

चार वाजले: योजि (योनजि नाही)
सात वाजले: शिचिजि
नऊ वाजले: कुजि (क्यूजि नाही)

चार, सात आणि नऊ यांना जपानीत दोन-दोन नावे आहेत. चारचे दुसरे नाव 'शि' आणि मृत्यूसाठीचा शब्दही 'शि', म्हणून ते पुष्कळदा टाळतात. पण नियम शोधत बसू नका, ही तीन रूपे तोंडात बसवा. ज्यूयोजि (१४ वाजता) आणि ज्यूकुजि (१९ वाजता) यांतही तीच येतात. फोनवर किंवा गोंगाटात 'शिचिजि' आणि 'इचिजि' सारखेच ऐकू येतात. त्यामुळे गोंधळ होऊ नये म्हणून जपानी माणसेही सातला 'नानाजि' म्हणतात. तुम्हीही बिनधास्त म्हणा.

'किती वाजले?' म्हणजे 'नान्जि देस का?' रस्त्यात कोणाला विचारायचे तर 'सुमिमासेन, इमा नान्जि देस का?' (माफ करा, आता किती वाजले?). उत्तर येईल, 'सानजि देस.' लिहिताना 'देसु' असते, पण शेवटचा उ जवळजवळ गिळतात.

मिनिटे: खरी मेहनत इथे

मिनिटासाठी शब्द 'फुन', पण तो कधी 'पुन' होतो. आधी त्याचा फ नीट काढा. तो 'फळ'मधला नाही. गरम चहावर फुंकर घालताना ओठ जसे होतात तसे करा आणि दात ओठाला लावू नका. आता मोठ्याने म्हणा:

इप्पुन, निफुन, सान्पुन, योन्पुन, गोफुन, रोप्पुन, नानाफुन, हाप्पुन, क्यूफुन, ज्युप्पुन.

दोन, पाच, सात, नऊ यांना फुन. बाकीच्यांना पुन, आणि त्यांपैकी एक, सहा, आठ, दहा यांत प ला प जोडून येतो. हे जोडाक्षर इंग्रजी बोलणाऱ्यांना जड जाते. आपण 'गप्पा', 'टप्पा' रोज म्हणतो. त्या दोन प मध्ये श्वास जेवढा क्षणभर अडतो, तेवढाच 'रोप्पुन'मध्ये अडू द्या.

पुढची मिनिटे शेवटच्या आकड्यावर चालतात. वीस मिनिटे निज्युप्पुन, चोवीस मिनिटे निज्यूयोन्पुन, पस्तीस मिनिटे सान्ज्यूगोफुन. तास आधी, मिनिटे नंतर, मध्ये काही नाही: 'गोजि निज्युप्पुन', पाच वीस.

साडे, सव्वा, पावणे

जपानीत 'साडे'साठी 'हान' आहे, अर्धा या अर्थाचा. आपला साडे पुढे येतो, हान मागे येतो. साडेसात म्हणजे 'शिचिजि हान'. दीड आणि अडीचसाठी वेगळे शब्द नाहीत: दीड वाजला 'इचिजि हान', अडीच वाजले 'निजि हान'. अडीचमध्ये दोन दडलेले आहेत, ते आधी मनात काढून घ्या.

सव्वा नाही, पावणे नाही. सव्वासात म्हणजे सरळ 'शिचिजि ज्यूगोफुन'. पावणेआठला दोन वाटा आहेत. एक, आकडा एकने उतरवून 'शिचिजि योन्ज्यूगोफुन'. दुसरी मला जास्त आवडते, कारण ती पावणेच्या वळणाची आहे: 'हाचिजि ज्यूगोफुन माए', आठला पंधरा मिनिटे आधी. 'माए' म्हणजे आधी. नवख्याने दुसरी वाट धरावी. मनात आठ असतो, तोंडातही आठच येतो, आणि वेळ चुकत नाही.

जोडीला आणखी तीन शब्द. 'सुगि' म्हणजे उलटून गेल्यावर (कुजि सुगि, नऊनंतर). 'गोरो' म्हणजे सुमारास (कुजि गोरो, नऊच्या सुमारास). 'च्योऽदो' म्हणजे बरोबर, ठोक्याला, आणि हा मात्र वेळेच्या आधी येतो: 'च्योऽदो कुजि' (ऽ दिसला की आधीचा स्वर लांबवा).

सकाळ-संध्याकाळ सांगायला 'गोझेन' (दुपारी बारापूर्वी) आणि 'गोगो' (बारानंतर). दोन्ही पुढे लागतात, आपल्या 'सकाळी आठ'सारखे: 'गोझेन हाचिजि'. रेल्वेची वेळापत्रके चोवीस तासांची असतात. रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या एखाद्या दुकानाच्या पाटीवर २५ वाजेपर्यंत असे दिसले तर ती छपाईची चूक समजू नका. त्याचा अर्थ रात्री एक.

वेळ आणि अवधी वेगळे

निजि म्हणजे दोन वाजले. निजिकान म्हणजे दोन तास. हा 'कान' राहिला की अर्थ पूर्ण बदलतो. दीड तास 'इचिजिकान हान', चार तास 'योजिकान'.

आता वाक्य

मराठी माणसाने इथे आनंदाने उडी मारावी. जपानीत प्रत्यय आपल्यासारखेच शब्दाच्या मागे लागतात आणि क्रियापद शेवटी येते.

'शिचिजि नि ओकिमास.' सातला उठतो. नि म्हणजे ला.
'कुजि कारा गोजि मादे हाताराकिमास.' नऊपासून पाचपर्यंत काम करतो. कारा म्हणजे पासून, मादे म्हणजे पर्यंत.

शब्दाखाली शब्द ठेवून पाहा, क्रम तोच आहे. आपण 'काल', 'आज', 'उद्या' यांना प्रत्यय लावत नाही, तसेच 'किनोऽ', 'क्योऽ', 'आश्ता' यांना 'नि' लागत नाही. परवाचे मात्र सांभाळा. आपला परवा मागचाही आणि पुढचाही. जपानीत मागचा परवा 'ओतोतोइ', पुढचा परवा 'आसात्ते'. येणाऱ्या तेरवालाही शब्द आहे, 'शिआसात्ते'.

वार तर आपलेच

वार पाठ करायला घेतले तेव्हा मी थबकलो होतो. सोमवार 'गेत्सुयोऽबि', गेत्सु म्हणजे चंद्र, आपला सोम. मंगळवार 'कायोऽबि', का म्हणजे अग्नी, आणि मंगळ ग्रहाला जपानीत अग्नितारा म्हणतात. बुधवार 'सुइयोऽबि' जलाचा, गुरुवार 'मोकुयोऽबि' काष्ठाचा, शुक्रवार 'किन्योऽबि' सुवर्णाचा, शनिवार 'दोयोऽबि' मातीचा, आणि ही त्या त्या ग्रहांची जपानी नावे आहेत. रविवार 'निचियोऽबि' सूर्याचा. ग्रहांचा क्रमही तोच.

हा योगायोग नाही. भारतीय ज्योतिषातले नक्षत्र-वारांचे ज्ञान एका चिनी अनुवादित ग्रंथातून पुढे गेले, आणि भिक्षू कूकाइ यांनी ८०६ साली चीनहून परतताना तो ग्रंथ जपानात नेला. तेव्हा ते पंचांगापुरते राहिले. १८७३ मध्ये जपानने ग्रेगोरियन कॅलेंडर घेतले, १८७६ पासून सरकारी कचेऱ्यांना रविवारची सुट्टी सुरू झाली, आणि तीच जुनी नावे रोजच्या व्यवहारात आली. कायोऽबि पाठ होत नसेल तर मंगळाचा लाल रंग आठवा.

सराव

आठवडाभर घड्याळाकडे पाहिले की वेळ मोठ्याने जपानीत म्हणा, सांगायला कोणी नसले तरी. पहिले दोन दिवस फक्त पूर्ण तास आणि हान. मग पाच-पाच मिनिटांच्या वेळा. सुटी मिनिटे सगळ्यात शेवटी. जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन-५ ही सर्वांत सोपी पातळी द्यायची असेल तर हे ऐकूनही करा: घरातल्या कोणाला तरी वेळा वाचायला सांगा आणि तुम्ही आकड्यांत लिहा. योजि, योक्का (चार तारीख) आणि योऽका (आठ तारीख) एकापाठोपाठ वाचायला लावा, कान तयार होतो.

आणि भारतातून जपानला फोन करायचा असेल तर आपल्या वेळेत साडेतीन तास मिळवा. इथे संध्याकाळचे पावणेआठ म्हणजे तिथे 'गोगो ज्यूइचिजि ज्यूगोफुन', रात्रीचे सव्वाअकरा. अशा वेळी फोन न करता 'आश्ता, ज्यूजि गोरो' असा निरोप टाका, आणि ते दहा कुठले, इथले की तिथले, हेही सोबत लिहा.