ऑटिझमचे निदान अनपेक्षितपणे समोर आले तर

तिसरे वर्ष उलटूनही मूल बोलत नाही म्हणून पालक आधी त्याचे कान तपासून घेतात आणि बेरा या ऐकण्याच्या तपासणीचा अहवाल नॉर्मल आला की सुटकेचा श्वास सोडतात. त्यानंतर डॉक्टरांच्या तोंडून ‘ऑटिझम’ (स्वमग्नता) हा शब्द ऐकावा लागला की पायाखालची जमीन सरकते. त्या दिवशी शाळा, नोकरी किंवा दुसरे अपत्य यांबाबत कोणताही मोठा निर्णय घेऊ नये. निदान कशाच्या आधारे केले, एवढे मात्र लेखी मागून घ्यावे. भारतात वापरल्या जाणाऱ्या ‘आयएसएए’ या मापनश्रेणीत ४० विधाने असतात, प्रत्येकाला १ ते ५ गुण दिले जातात आणि बेरीज ७० किंवा त्याहून अधिक आली तर ऑटिझम असल्याचे मानतात. हा आकडा आजच्या वागण्याचे मोजमाप आहे. मूल पंधराव्या वर्षी कसे असेल, हे त्यावरून कोणीही सांगू शकत नाही. म्हणून बेरजेकडे पाहत बसण्यापेक्षा कोणत्या विधानांना जास्त गुण पडले, ते विचारून घ्यावे. शंका असेल तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत जरूर घ्यावे, परंतु ‘काही नाही हो, होईल सगळे ठीक’ हे ऐकण्यासाठी दवाखाने पालथे घालण्यात महिने घालवू नयेत.

आधी मनाने स्वीकारायचे आणि मग कामाला लागायचे, असा क्रम बहुतेक घरांत जुळून येत नाही. मुलाला समजून घेता घेताच मन निदानाशी जुळवून घेते, असे माझे ठाम मत आहे. दुःख होणारच आणि ते दाबण्याचे कारण नाही. मात्र त्याचे दोषारोपात रूपांतर होऊ देऊ नये. ऑटिझममध्ये आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. आईच्या कोरडेपणामुळे मूल असे होते, हा एके काळचा समज केव्हाच खोटा ठरला आहे, आणि लशींवर ठपका ठेवणारा १९९८ सालचा शोधनिबंध ‘द लॅन्सेट’ने २०१० साली मागे घेतला. मोबाइल कमी करणे मुलाच्या हिताचेच आहे, पण ‘तूच त्याच्या हातात मोबाइल दिलास’ हे वाक्य पती-पत्नींनी एकमेकांना कदापि ऐकवू नये.

खरे काम घरात, रोजच्या व्यवहारात असते. समजा, मूल तुमचे मनगट धरून तुम्हाला फडताळाकडे नेते, तुमचा हात बिस्किटांच्या डब्यावर ठेवते आणि तुमच्याकडे पाहतही नाही. याला हट्ट समजू नये, कारण ते मागणेच आहे. फक्त त्यात शब्द आणि नजर नाही. डब्याचा फोटो काढून, त्याची प्रत फडताळावर मुलाच्या हाताला येईल अशी लावावी. पुढच्या वेळी मुलाचा हात धरून तो फोटो तुमच्या हातात द्यायला लावावा, ‘बिस्किट’ एवढाच शब्द उच्चारावा आणि लगेच बिस्किट द्यावे. हळूहळू हाताची मदत कमी करत, मूल स्वतः फोटो उचलेपर्यंत थोडे थांबायला शिकावे. घाईच्या घरात हे थांबणेच सर्वांत अवघड जाते. कुकरच्या शिटीला कान झाकून किंचाळणारे मूल नाटक करत नसते, त्याला तो आवाज खरोखरच असह्य होतो. शिटी होण्यापूर्वी त्याला सांगून दुसऱ्या खोलीत न्यावे. अशी एकेक गोष्ट उलगडू लागली की अहवालातले शब्द परके वाटेनासे होतात.

घरात मराठी बोलली जात असेल तर मराठीच बोलावी. दोन भाषांमुळे ऑटिझम असलेल्या मुलाचे बोलणे आणखी लांबते, याला संशोधनाचा आधार नाही, आणि आजीशी बोलण्याची भाषा त्याच्यापासून हिरावून घेणे मला अन्यायाचे वाटते.

स्पीच थेरपिस्ट किंवा विशेष शिक्षक निवडताना भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी पाहावी, आणि पुढील तीन महिन्यांत नेमके काय साधायचे, ते विचारावे. ‘पूर्ण बरे करतो’ असे सांगणाऱ्यापासून दूर राहावे. स्टेम सेल (मूळपेशी) थेरपी हा ऑटिझमवरचा मान्यताप्राप्त उपचार नाही. त्यासाठी दागिने मोडू नयेत.

कागदपत्रांचे काम लवकर उरकावे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात ऑटिझमचा समावेश आहे, त्यामुळे यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचे ओळखपत्र, मिळू शकते, तर केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत १ लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण आहे. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राने मुलावर शिक्का बसतो, ही भीती मी समजू शकतो, पण सवलती नाकारल्याने ऑटिझम कमी होत नाही.

नातेवाइकांना सगळे समजावण्याचा अट्टहास नको. लग्नाचे निमंत्रण आले तर ‘त्याला डीजेचा आवाज सहन होत नाही, आम्ही अक्षता पडल्या की निघू’ एवढे आधीच सांगून ठेवावे. ‘याचा बापही उशिराच बोलला’ म्हणणाऱ्या आजीशी वाद घालण्याऐवजी तिला एकदा थेरपीच्या सत्राला सोबत न्यावे. वडिलांनीही आठवड्यातून एक सत्र स्वतः बसून पाहावे, कारण तिथे शिकवलेले घरी एकट्या आईनेच करायचे ठरले, तर काही महिन्यांतच ती थकून जाते आणि सरावही थांबतो.