जुन्या पिकअपला पॉवर विंडो बसवताय? मोटरला दोष देण्याआधी या चुका टाळा

हँडलच्या काचा असलेल्या जुन्या बोलेरो पिकअपला बाजारातलं पॉवर विंडो किट बसवलं की थोड्याच दिवसांत एक तक्रार हमखास ऐकू येते: काच अर्ध्यावर अडकते, मोटर नुसती कण्हते. मग मोटर बदलतात आणि नवीही तशीच वागते. दोष बहुतेक वेळा चॅनेलमध्ये (काच ज्या रबरी खाचेतून सरकते तिथे) किंवा वायरिंगमध्ये असतो.

म्हणून किट उघडण्याआधी हँडलने काच पूर्ण खाली-वर करून बघा. मध्येच जड जात असेल तर आधी तेच काम करा. चॅनेलच्या रबरात वर्षानुवर्षांची माती बसलेली असते. ओल्या फडक्याने ती काढा, सुकू द्या आणि सिलिकॉन स्प्रे मारा. रबर फाटलं असेल तर नवीन घाला. ग्रीस लावायचं ते काच वर-खाली करणाऱ्या मशीनच्या दात्यांना. रबराला लावलं तर ते फुगतं, वर धूळ चिकटते.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे टेपच्या किंवा लायटरच्या वायरमधून सप्लाय घेणं. काच अडली की मोटर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, बारीक वायर तापते. बॅटरीपासून स्वतंत्र जाड वायर आणा, फ्यूज बॅटरीजवळच लावा आणि मध्ये इग्निशनवर चालणारा रिले (चावी चालू असतानाच मोठा करंट जोडणारा स्विच) घाला. चावी काढल्यावर स्विच दाबला तरी काचा हलता कामा नयेत. हात किंवा मान मध्ये आली तर थांबायची सोय अशा साध्या किटमध्ये बहुधा नसते, आणि गाडीत लहान मुलं बसतात. यात तडजोड नको.

काच हळू चढते? इंजिन चालू ठेवून, काच चढत असताना मोटरच्या प्लगवर व्होल्ट मोजणारा मीटर लावा. बॅटरीवर 14 व्होल्ट आणि इथे 10 दिसत असतील तर मोटर सोडा, जॉइंट आणि अर्थ (बॉडीच्या पत्र्याला जोडलेली मायनस वायर) तपासा. रंगावर आवळलेला अर्थ हे नेहमीचं कारण. पत्रा घासून घ्या.

काच एकाच दिशेने चालत असेल तर मोटर बहुधा चांगली आहे. दोन्ही दिशांना त्याच दोन वायरी वापरल्या जातात, फक्त प्लस-मायनस उलटतं. तेव्हा स्विच बघा. क्लीनरच्या बाजूची काच दोन्ही स्विचवर मेली असेल तर ड्रायव्हरच्या स्विचचा अर्थ तपासा, कारण बऱ्याच जोडण्यांत तिचा अर्थ तिथूनच येतो.

दार आणि पिलर (दार ज्यावर टांगलेलं असतं तो खांब) यांच्यामध्ये वायर रबरी नळीतूनच न्या आणि दार पूर्ण उघडून ढील ठेवा. नाहीतर पत्र्याच्या धारेवर ती सोलते.

दाराच्या पॅडमागचा (आतल्या आच्छादनामागचा) प्लास्टिक कागद फाडून फेकू नका. काचेच्या खालच्या कडेला असलेल्या बीडिंगमधून (रबरी पट्टीतून) पाणी दारात उतरणारच. ते खालच्या भोकांतून बाहेर जातं, आणि हा कागद ते केबिनमध्ये येऊ देत नाही. भोकं तारेने मोकळी करा, प्लगचं तोंड खाली ठेवा. पॅड बसवण्याआधी बाहेरून काचेवर बादलीभर पाणी ओता आणि आत कुठे ओघळतं ते बघा.